सांडलेलं दूध आणि कांद्याची पट्टी

1 जून 2017 ला महाराष्ट्रातला शेतकरी संपावर गेला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एका गावाचं नाव होतं: पुणतांबा. राहाता तालुक्यातलं, गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेलं गाव. एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या ग्रामसभेत ठराव झाला होता. कर्जमाफी हवी, उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव हवा, दुधाला परवडेल असा दर हवा. नाही मिळालं तर शहरांकडे माल जाणार नाही. शेतकऱ्यांनी संप करावा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 पासून काही वर्षं खोतांच्या जमिनी कसल्याच नव्हत्या. पण चरीची हाक त्या टापूतल्या खोतांना उद्देशून होती. पुणतांब्याची हाक दोन महिन्यांत राज्यभर गेली, आणि ती नेण्यात मोबाइलचा वाटा मोठा होता.

जिओची सेवा 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झाली होती. आधी फुकट आणि मग स्वस्त डेटा मिळू लागल्यामुळे व्हिडिओ पाहणं, काढणं, पाठवणं खेड्यापाड्यांतही रोजचं झालं होतं. संपाच्या पहिल्या दिवशी लोकांच्या हातात आला तो ठरावाचा कागद नव्हे. टँकरची तोटी सोडून दिलेली, डांबरी रस्त्यावरून दुधाचा पांढरा लोट वाहतोय, तरणी पोरं कॅन उपडे करतायत, टोमॅटोचा लाल चिखल झालाय. हे दृश्य अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरमध्ये) दिसलं, नाशिकमध्ये दिसलं, पाहता पाहता सगळीकडे दिसलं.

त्या दृश्याने शेतकऱ्याचं काम केलं की घात केला, यावर श्रीरामपुरातल्या एका घरात अजून वाद होतो. वाद घालणारी दोन माणसं आहेत. एक निवृत्त शिक्षिका. हायस्कूलमध्ये मराठी शिकवताना त्यांनी वक्तृत्व स्पर्धांसाठी कितीतरी मुलं तयार केली, जिल्हाभर परीक्षक म्हणून फिरल्या. दुसरा त्यांचा भाचा. राहात्याजवळच्या वस्तीवर त्याच्या गायी आहेत, थोडा कांदा असतो, आणि बाजारभाव सांगणारा एक यूट्यूब चॅनल तो चालवतो. मन कसं वळवायचं हा दोघांचाही धंद्याचाच विषय. तो दोघं अगदी वेगळ्या शाळांत शिकलेत.

“आत्या, ते दूध सांडलं नसतं तर मुंबईने मान तरी वळवली असती का?” भाचा म्हणतो. “ठरावाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असती आणि संपली असती. दूध सांडलं आणि 24 जूनला सरकारने चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. तीन आठवड्यांत. कोणत्या भाषणाने हे कधी झालं होतं?”

आकडा बरोबर आहे. 34,022 कोटींची, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ करणारी ती योजना होती.

“मान वळली हे खरं,” आत्या म्हणाल्या. “पण वळून पाहिलं काय? माझ्या पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, तेव्हा दूध काय दराने जातं हे कुणी विचारलं नाही. ‘इतकं दूध गरिबांना तरी द्यायचं,’ एवढंच बोलणं. जो पोरगा कॅन उपडा करत होता, त्याचा त्या दिवसाचा पगार त्या रस्त्यावर सांडत होता. ते व्हिडिओत कुठे होतं?”

“ते सांगायला आमच्या पोस्ट होत्या ना.”

“पोस्ट राहिल्या मागे. व्हिडिओ गेला पुढे.”

या एका वाक्यात डिजिटल माध्यमातल्या वक्तृत्वाची मोठी अडचण सापडते. सभेत वक्ता एखादी वस्तू हातात धरून दाखवतो, तेव्हा तिच्याविषयीचं त्याचं बोलणंही त्याच कानांवर पडतं. फोनवर दृश्य आणि बोलणं यांची फारकत होते. क्लिप एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जाताना आधीची ओळ गळते, नवी ओळ चिकटते. सांडलेल्या दुधाची तीच क्लिप कुणी ‘बळीराजाचा आक्रोश’ म्हणून पाठवली, कुणी ‘अन्नाचा अपमान’ म्हणून. दोन्ही पाठवणाऱ्यांना ती पुरावा वाटली. कारण तिच्यात एकही आकडा नव्हता, मागणी नव्हती, दूध कुणी का सांडलं याचा धागा नव्हता. भावना मात्र ओतप्रोत होती, आणि भावनेला ज्याने त्याने आपापलं नाव दिलं.

संपाचं पुढे काय झालं हेही इथे लक्षात घ्यायला हवं. 2 जूनच्या रात्री मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर त्यांच्याशी बोलणी सुरू झाली आणि 3 तारखेच्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. अकोले तालुक्यातले किसान सभेचे अजित नवले बैठकीतून बाहेर पडले. नाशिकसह अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ती घोषणा मानली नाही, संप चालूच ठेवला. दोन महिन्यांत इतक्या लोकांना उभं करणारा संदेश कुणा एका समितीच्या ताब्यात उरला नव्हता. तो पसरवायला कुणाची परवानगी लागली नव्हती, मग थांबवायला तरी कुणाची चालणार?

भाच्याला यात दोष दिसत नाही. “हेच तर बरं झालं. पूर्वी चार पुढारी मुंबईला जायचे, काय ठरलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. त्या पहाटे आमच्या वस्तीवर लोक फोन घेऊन बसले होते. काय मान्य झालं, काय नाही, हे विचारत होते. पुढाऱ्याला आपल्याच माणसाचं मन वळवावं लागलं.”

आत्यांनी हे मान्य केलं, आणि मनापासून केलं. पण त्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांनी मुलांना शिकवलेलं वक्तृत्व समोरासमोरचं होतं. वक्ता बोलतो तेव्हा त्याला चेहरे दिसतात. एखादं वाक्य खोटं पडलं की पहिल्या रांगेतलं कुणीतरी चुळबुळतं. गावातल्या सभेत तर सरळ उठून विचारतं. बोलणाऱ्यावर तो धाक असतो. “तुझ्या फोनला चेहरा दिसत नाही,” त्या म्हणतात. “त्याला फक्त बोट कळतं. बोट थांबलं की पुढे सरकलं.”

“बरोबर,” भाचा म्हणाला, “आणि बोट रागाने थांबतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. फेसबुकच्या आतली कागदपत्रं 2021 मध्ये बाहेर आली, त्यात हे होतं. 2017 पासून साध्या लाइकपेक्षा त्या भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांना पाचपट वजन होतं. रागावलेला चेहराही त्यातच. म्हणजे लोक चिडतील असं टाकलं की ते जास्त लोकांना दिसायचं. नंतर कंपनीने ते वजन कमी करत नेलं, 2020 मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं. पण तोवर आम्ही टाकणारे शिकून गेलो होतो. मी जानेवारी 2024 मध्ये दुधाच्या पाच रुपये अनुदानाचा व्हिडिओ केला. गायीच्या कानात बिल्ला हवा, माहिती ऑनलाइन भरलेली हवी, सगळं नीट सांगितलं. कुणी पाहिला नाही. त्याच आठवड्यात एका डेअरीवर पोरं तावातावाने भांडत होती, ते टाकलं. ते धावलं.”

“मग तू काय ठरवलंस?”

“काय ठरवणार? पहिल्या तीन सेकंदांत भांडण ठेवायचं, अनुदान मागून सांगायचं.”

आत्या हसल्या नाहीत. ज्याला दोन्ही सांगायचंय, त्याच्यापुढचा पेच त्यांना कळतो. पण राग हे वाहन म्हणून वापरताना त्यात आणखी कोण चढून बसतं, हा प्रश्न त्या सोडत नाहीत. त्यांनी राईनपाड्याचं नाव घेतलं.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं छोटं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अर्थाचे संदेश आणि व्हिडिओ त्या काळात देशभर फोनवरून फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

“ती अफवा होती, आत्या,” बऱ्याच वेळाने भाचा म्हणाला. “तिला मन वळवणं कसं म्हणायचं?”

“अफवा पाठवणाऱ्याच्या मनात काय असतं ते सोड. ऐकणाऱ्याचं मन वळलंच ना? ‘सावध राहा, आपली लेकरं सांभाळा’, हे किती जिव्हाळ्याचं वाक्य आहे बघ. ते ओळखीच्या नंबरावरून येतं. भाऊ पाठवतो, मास्तर पाठवतात. मी ज्याला वक्त्यावरचा विश्वास म्हणते, तो इथे पाठवणाऱ्यावर बसतो. बोलणारा कोण हे कुणालाच माहीत नसतं. आणि ज्या पाच जणांबद्दल ते बोलणं होतं, त्यांना उत्तर द्यायला जागाच नव्हती.”

मार्च 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या तीन संशोधकांचा अभ्यास आला होता. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त आढळली, आणि ते काम यंत्रांचं नव्हतं, माणसांचंच होतं. खोट्यात नवल असतं, असं त्यांना दिसलं. हा अभ्यास ट्विटरचा आहे, व्हॉट्सॲपचा नाही, हे खरं. तरी माणसाच्या स्वभावाविषयी तो जे सांगतो, ते राईनपाड्याच्या शेजारी ठेवून वाचलं की अस्वस्थ व्हायला होतं.

इथवर वाद आत्यांच्या बाजूला झुकलेला दिसतो. पण भाच्याकडे त्यांच्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण होतं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. एप्रिल 2011 मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर. ‘इंडिया अगेन्स्ट करप्शन’ने लोकांना एका नंबरावर मिस कॉल द्यायला सांगितलं. फोनमध्ये पैसे नसलेल्या माणसालाही पाठिंबा देता आला. “तेव्हा जिओ नव्हतं, रील नव्हतं,” भाचा म्हणाला. “फक्त एक रिंग. आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मागे देश उभा राहिला. जमावाने कुणाचा जीव घेतला नाही, उलट लोकपालाचा कायदा झाला.”

“झाला. डिसेंबर 2013 मध्ये. आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च 2019 मध्ये. रिंग द्यायला मसुदा वाचावा लागत नव्हता रे. अण्णांसारखी टोपी घालायलाही लागत नव्हता. म्हणून लोक पटकन आले. त्यांना पटला होता अण्णांचा साधेपणा. लोकपालाला अधिकार काय हवेत, नेमणूक कोण करणार, हे पटवायचं राहूनच गेलं. म्हणून नेमणूक रेंगाळली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.”

इथे आत्या थोड्या कठोर होतात, असं म्हणायला हवं. मोठ्या लोकसमूहाला एका प्रश्नावर जागं करणं हे स्वतःच एक काम आहे. प्रत्येकाने मसुदा वाचावा ही अपेक्षा कुठल्याच चळवळीने पूर्ण केलेली नाही. तरी त्यांचा रोख कळण्यासारखा आहे. माणसाला होकार द्यायला लावणं सोपं झालंय. होकार कशाला दिला, हे त्याच्या लक्षात राहील अशा रीतीने तो घेणं कठीण झालंय.

“मग खेड्यातल्या माणसाने करायचं काय?” भाच्याने विचारलं. “पेपर काढायचा?”

“एकाने काढला होता. नेवासे तालुक्यातून.”

तरवडीचे मुकुंदराव पाटील. कृष्णराव भालेकरांचे हे चिरंजीव दत्तक गेल्यामुळे पाटील झाले. 1910 पासून 1967 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचं साप्ताहिक चालवलं. आधी सोमठाण्यातून, मग तरवडीतून. जिथे वीज नाही, रेल्वे नाही, वाचणारे मोजके, तिथे छापखाना. या जिल्ह्याला छापील शब्दाची ओळख मात्र जुनी होती. अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये अहमदनगरातूनच निघालं, आणि तेही लोकांचं मन वळवण्यासाठीच. मुकुंदरावांचं वेगळेपण असं, की त्यांनी आपल्या माणसांना सवयीचा असलेला साचा उचलला. वतनदार कुलकर्णी अडाणी शेतकऱ्याला कागदपत्रांत कसा अडकवतो, हे त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ या काव्यात मांडलं. 1913 चं हे काव्य त्यांनी ओवीबद्ध केलं, पोथीच्या थाटाचं. पोथी ऐकायला गाव बसतंच. या पोथीत देवाच्या जागी कुलकर्णी आला.

भाचा खूश झाला. “अगं, हे तर आम्ही करतो तेच. गाजलेल्या गाण्याची चाल घ्यायची आणि त्यात दुधाचा भाव घालायचा!”

“तेच. त्यात काही कमीपणा नाही,” आत्या म्हणाल्या. “लोकांना ज्या चालीत ऐकायची सवय आहे, त्या चालीत बोलावंच लागतं. माझ्या वक्तृत्वाच्या मुलांना मी आधी कीर्तनाला पाठवायची. पण मुकुंदरावांच्या पोथीत बघ, नुसती चाल नाही. कुलकर्णी काय लिहितो, कशावर अंगठा घेतो, त्यात शेतकरी फसतो कुठे, हे सगळं आहे. ऐकून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी चावडीवर गेला, की त्याला कुठल्या कागदावर बोट ठेवायचं ते कळत होतं.”

पुणतांब्यानंतरच्या वर्षात दूध उत्पादकांनी जे केलं, ते या कसोटीवर पाहण्यासारखं आहे. तेव्हा 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गायीच्या दुधाला सरकारने 27 रुपये दर जाहीर केला होता. शेतकऱ्याच्या हातात 17-18 रुपये पडत होते. गोदावरीपलीकडच्या, वैजापूर तालुक्यातल्या लाखगंगा गावाने ग्रामसभा घेऊन ठराव केला, आणि मे 2018 मध्ये आंदोलन झालं. या वेळी दूध रस्त्यावर गेलं नाही. ते सरकारी कचेऱ्यांसमोर फुकट वाटलं गेलं. घोषणा होती, ‘लुटता कशाला, फुकटच न्या.’

आदल्या वर्षी शेतकऱ्याला ज्या एका आरोपाने घेरलं, त्याचं उत्तर या कृतीतच होतं. नासाडीचा प्रश्नच उरला नाही. दूध प्यायला मिळालेल्या माणसाला, हे फुकट का देताय, असं विचारावंसं वाटणारच. त्याचं उत्तर दहा रुपयांच्या फरकात होतं. ओळ लहान, तिरकस, बोलीतली, कुणालाही पाठ होणारी. आणि तिला ती कृती सोडून दुसरीकडे चिकटवता येत नव्हती. ‘फुकटच न्या’ ही घोषणा आणि फुकट वाटलेलं दूध, दोन्ही एकाच दाव्याकडे बोट दाखवतात. दिला जाणारा दर लूट आहे. इतकं नेटकं वक्तृत्व अलीकडच्या शेतकरी आंदोलनांत क्वचित दिसलंय, आणि ते कुणा जाहिरात कंपनीने रचलेलं नव्हतं.

“पण सांडलेल्या दुधाइतकं ते फिरलं नाही,” भाचा म्हणाला. “आज कुणालाही विचार. 2017 चं दूध आठवतं, 2018 चं नाही.”

आत्यांकडे याला उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नाही. जास्त चांगलं बोलणं कमी दूर जातं, ही या माध्यमाची अडचण आहे आणि ती नाकारून चालणार नाही.

मात्र एक उदाहरण असं आहे जे दूरही गेलं आणि नेमकंही होतं. फेब्रुवारी 2023. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. वजन 512 किलो, भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता शिल्लक 2 रुपये 49 पैसे. व्यापाऱ्याने दोन रुपयांचा चेक दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या हिशोबाच्या पट्टीचा आणि चेकचा फोटो देशभर गेला. त्याआधी 2018 च्या अखेरीस निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे मिळालेले 1,064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. तीही गोष्ट गाजली होती. पण सोलापूरच्या फोटोत शेतकऱ्याचा चेहराही लागत नव्हता. व्यापाऱ्याच्याच छापील कागदाने सगळं सांगितलं.

“हे मी वर्गात शिकवलं असतं,” आत्या म्हणाल्या. “यात एकही विशेषण नाही. कुणाला शिवी नाही, रडणं नाही. वरून खाली वाचत जायचं, तळाशी आल्यावर वाचणारा स्वतःच चमकतो. आणि ती ओळ बदलायची सोय नाही, कारण ओळ फोटोच्या आतच छापलेली आहे. कुणीही पुढे पाठवो, 512 ला 512 च राहणार.”

इथे भाच्याने वाद उलटवला. बाजारात रोज उभा राहणारा माणूस तो. “आत्या, तू पट्टीवर फारच भाळलीस. तीही पुरं खरं सांगत नाही. व्यापारी काय म्हणाला ते वाचलंस का? कांदा हलक्या प्रतीचा होता म्हणाला. याच शेतकऱ्याला आधी चांगला भाव मिळाला होता म्हणाला. चेक संगणकावरून निघतात आणि पुढची तारीख घालायची रीतच आहे, असंही म्हणाला. बाजार समिती रोज तीन भाव लावते. किमान, कमाल, सर्वसाधारण. ती पट्टी किमानची होती. सगळ्या राज्याने तोच कांद्याचा भाव समजला.”

“म्हणाला ना? तेच मी म्हणते. त्याला म्हणता आलं. सांडलेल्या दुधाला कोण काय उत्तर देणार? राईनपाड्याच्या त्या पाच जणांना कुणी उत्तर देऊ दिलं? पट्टीत आकडे होते म्हणून व्यापारी आकड्यांनी बोलला, बाजार समितीने त्याचा परवाना पंधरा दिवस स्थगित केला, हमाली-तोलाई कुणी द्यायची यावर लोक बोलू लागले. मार्चमध्ये सरकारने क्विंटलला आधी 300 आणि मग 350 रुपये अनुदान जाहीर केलं. ते एका पट्टीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. नाशिकहून मोर्चाही निघाला होता. पण बोलणं मुद्द्यावर राहिलं.”

मुकुंदरावांच्या काळी कागद कुलकर्ण्याच्या हातात होता आणि त्याची ताकद शेतकऱ्याला तो वाचता येत नाही यात होती. सोलापूरच्या शेतकऱ्याने तोच हिशोबाचा कागद खिशातल्या फोनने जगापुढे धरला. एका शतकात झालेला हा पालट लहान नाही. डिजिटल माध्यमांनी खेड्याला काय दिलं असं कुणी विचारलं, तर सांडलेल्या दुधाच्या क्लिपआधी या फोटोचं नाव घ्यायला हवं.

“आणि तीन भावांचं म्हणतोस,” आत्यांनी शांतपणे विचारलं, “तर तुझ्या व्हिडिओच्या शीर्षकात कोणता भाव असतो?”

भाचा गप्प झाला. घोडेगाव, नेप्ती, राहाता, संगमनेर, कुठल्याही बाजाराचा व्हिडिओ उघडावा, वर मोठ्या अक्षरांत असतो तो कमाल भाव. शंभर-दीडशे गोण्यांमागे एखाद्या निवडक वक्कलाला, म्हणजे ढिगाला, मिळालेला. तो वाचून चाळीतला कांदा भरणारा शेतकरी लिलावात उभा राहतो तेव्हा त्याच्या मालाला सर्वसाधारण भाव मिळतो आणि त्याला वाटतं आपण लुटलो गेलो. कधी लुटलेला असतोही. कधी नुसता शीर्षकाला भुललेला असतो. दोन्हींतला फरक त्याला कळायची सोय त्या व्हिडिओत नसते.

“सगळेच तसं टाकतात,” तो अखेर म्हणाला. “मी सर्वसाधारण टाकला तर माझा कोण उघडणार? दुसऱ्याचा उघडतील. मग माझं खरं सांगायला राहीलच कोण?”

हा प्रश्न फसवा नाही. राहात्यातल्या चॅनलवाल्यापासून दिल्लीतल्या वाहिनीपर्यंत सगळ्यांपुढे तो आहे. ऐकायला माणूस थांबला नाही तर सांगायचं कुणाला? आणि थांबवण्यासाठी जे करावं लागतं, त्यानेच सांगणं बिघडत असेल तर? आत्यांच्या काळी परीक्षक गुण द्यायचा तो आशयाला वेगळे, सादरीकरणाला वेगळे. भाच्याचा परीक्षक फक्त बोट कुठे थांबलं ते मोजतो.

मग दोघं एका व्हिडिओवर बोलू लागले. भाच्याकडे नुकत्याच विकलेल्या कांद्याची पट्टी होती. आत्यांनी ती मागून घेतली, चष्मा लावून वाचली, तोलाई आणि वाराई वेगवेगळी का लावलीय ते विचारलं. भाच्याने समजावलं. पट्टी पूर्ण दाखवायची, कापायची नाही, हे ठरलं. आधी कपाती, मग भाव, मग त्या दिवशीचे तिन्ही भाव पडद्यावर एकत्र. आत्यांचा आग्रह होता की व्यापाऱ्यालाही विचारावं. “आणि तो बोललाच नाही तर?” भाच्याने विचारलं. “तर विचारलं होतं, बोलला नाही, एवढं सांग. त्याच्या तोंडी काही घालू नकोस.” भाच्याने मान डोलावली. सुरुवातीला मात्र लिलावातला आरडाओरडा तीन सेकंद ठेवणारच, हे त्याने बजावलं. आत्यांनी तो आरडाओरडा त्याच दिवसाचा, त्याच बाजारातला असला पाहिजे, या अटीवर होकार दिला.

शीर्षकात कमाल भाव द्यायचा की सर्वसाधारण, यावर काही जमलं नाही. आत्या म्हणतात दोन्ही द्या. भाचा म्हणतो, दोन आकडे असले की माणूस एकही वाचत नाही.